डाव्या बाहीतली सुई

१९ ऑक्टोबर

ताईस,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. आई म्हणाली म्हणून लिहितेय. बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या भिंतीत जिथे वीट निखळलीय, तिथे पत्र ठेवलं की पलीकडे पोचतं म्हणे. मला हे थोतांड वाटतं. पण तू त्याच भिंतीपाशी त्याचा हात धरून उभी होतीस आणि पुढच्या क्षणी नव्हतीस, हे कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे मला काय वाटतं याला सध्या घरात कोणी विचारत नाही.

आई तुला बोलत नाही, मला बोलते. मी दुकानात होते, मी लक्ष का ठेवलं नाही. अगं, चौदा वर्षांच्या मुलीने सतरा वर्षांच्या बहिणीवर काय लक्ष ठेवायचं? तो लांबोडा ट्रायलला आला, तू टेप लावलीस, आणि छाती आधीच्या मापापेक्षा दोन इंच कमी भरली. त्याच्या आधीच्या खेपेला एक इंच जास्त होती. आईने तिथेच कात्री खाली ठेवली होती. “याचं माप दर वेळी वेगळं येतंय, हा पलीकडचा आहे, कापड परत कर,” म्हणाली होती. आणि तू काय म्हणालीस? “श्वास घेतो तो, म्हणून बदलतं.” मी हसले होते. आता तेही माझ्याच खात्यावर जमा आहे.

लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलंय, पलीकडच्यांचं काही खायचं नाही, त्यांचे आभार मानायचे नाहीत, त्यांनी हात पुढे केला तर आपला द्यायचा नाही. तू जाऊन आठवडा झाला, एवढ्यात तिन्ही गोष्टी उरकल्या असशील. कामात कधी एवढा झपाटा दाखवला नाहीस.

तू स्वतःसाठी शिवत होतीस तो मरून रंगाचा कोट डावी बाही अर्धी लावून, सुई तशीच टोचून टाकून गेलीस. आईने त्याला कुणालाही हात लावू दिलेला नाही. जुन्या शिंप्यांची ती समजूत तुला माहीत आहे. घरचं माणूस पलीकडे गेलं तर त्याचं अर्धवट शिवण तसंच ठेवायचं, सुई होती तिथेच, आणि घरातल्याच कुणीतरी रोज त्यावर नजर ठेवायची. तोवर परतीची वाट उघडी राहते. शिवण पुरी झाली की वाट मिटली. आई रोज सकाळी मशीनला हात लावण्याआधी कोटाकडे बघते.

तर वाट उघडी आहे. ये. शाळेचे गणवेश तसेच पडलेत आणि काज करून माझी बोटं सोलली आहेत.

टाचणी

*

पहिला दिवस, दुपार

लाडके टाचणे,

काय गं, आल्या आल्या पत्र? आणि आठवडा कसला? मी अजून धड बसलेसुद्धा नाही! तुला आकडे फुगवायची सवय आहे, मला ठाऊक आहे.

आधी आईला सांग, मी अगदी सुखात आहे. इथली दालनं तू बघायला हवीस. खालची फरशी पाण्यासारखी हलते आणि पाय मात्र ओला होत नाही. आपलं दुकान आठवतंय, ती एक खिडकी आणि समोर गटार? इथे खिडक्याच नाहीत, कारण भिंतीच नाहीत.

आणि तो! त्याचे डोळे सकाळी हिरवे होते, आता राखाडी आहेत. तो म्हणतो, मी तुझी तीनशे वर्षं वाट बघत होतो. असं कोणी कुणाला म्हणतं का गं आपल्याकडे? आपल्याकडे फार तर “किती उशीर” म्हणतात. तो फार लाजाळू आहे. माझ्या चेहऱ्याकडे कमी बघतो, हातांकडेच जास्त. माझ्या बोटांवरची सुईची भोकं त्याने एकेक करून पाहिली आणि म्हणाला, असे हात मी कुठेही पाहिले नाहीत. मला रडूच आलं. त्या बोटांना आजवर सुईपासून जपणाऱ्या आईच्या अंगुस्तानाशिवाय कोणी काही दिलं नव्हतं.

मी थोडं खाल्लं. काहीही झालं नाही. आभारही मानले. त्या सगळ्या पोरींना घाबरवायच्या गोष्टी आहेत.

कोट राहू दे तसाच. परवापर्यंत येऊन जाईन, तेव्हा पुरा करीन.

तुझी ताई

*

तू गेल्यानंतरचं तिसरं वर्ष, ४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र काल त्या भोकात सापडलं. मी दर रविवारी जाऊन हात घालत होते. अडीच वर्षं आत नुसतं शेवाळ लागत होतं.

होय, अडीच वर्षं. मी आकडे फुगवत नाही. मी आता सतरा वर्षांची आहे, म्हणजे तुझ्याएवढी. तुझा निळा झगा मला बसतो, फक्त खांद्यात सैल होतो. तो घालून दुकानात आले तेव्हा आई दाराकडे बघून उभीच राहिली, आणि मग “तू होय” म्हणून परत मशीनवर बसली. तो झगा मी पुन्हा घातला नाही.

तीनशे वर्षं वाट बघत होता म्हणे! मग बाई, आणखी दोन आठवडे थांबायला काय धाड भरली होती? गणवेशांची ऑर्डर तरी निघाली असती. आणि तीनशे वर्षांच्या माणसाला स्वतःचा कोट शिवायला तुझ्याकडे यावं लागतं? इतक्या वर्षांत एक बटण लावायला शिकला नाही? मला तर तुझ्या राजपुत्राचा संशय येतो. हातांकडे बघतो हे आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने मशीन थांबवलं. नंतर नुसतं म्हणाली, “गिऱ्हाईकही हातांकडेच बघतं.”

घरचं सांगते. आईला दोरा ओवता येत नाही आता. मी तिला सकाळी दहा सुया ओवून ठेवते. कोटाच्या सुईला गंज चढू नये म्हणून ती महिन्यातून एकदा मशीनचं तेल कापसावर घेऊन ती होती तिथेच पुसते, न हलवता. एवढ्या हळुवारपणे तिने मला कधी न्हाऊ घातल्याचं आठवत नाही. रागावू नकोस, मी आपलं जे दिसतं ते लिहितेय.

दोरे-बटणं पुरवणारा नवा माणूस येतो. उंच नाही, देखणा नाही, माप दर वेळी तेच येतं. घेतलंय मी.

तुझं ‘परवा’ म्हणजे आमचं कधी, ते तिथल्या कुणालातरी विचार. आणि विचारून लगेच निघ.

टाचणी

*

पहिला दिवस, संध्याकाळ

टाचणे,

तुझं पत्र वाचून मी त्याला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, तुमच्याकडे वेळ फार घाईत असतो. किती छान बोलतो ना! म्हणजे थोडा फरक पडत असेल, पण वर्षं? तू सतरा वर्षांची? मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही. तुझे दात तरी सरळ झाले का?

मी आज निघणारच होते, खरंच. पण रात्री मोठा नाच आहे आणि त्यासाठी त्यांना झगे हवे आहेत. त्यांच्यात कुणालाच शिवता येत नाही गं! लोखंडाला त्यांचा हात लागत नाही, म्हणून सुईच धरता येत नाही. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, माझी आली आहे, ती शिवेल. ‘माझी’ म्हणाला. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वेगळी जागा दिली आहे बसायला, तिथे आणखीही मुली आहेत शिवणाऱ्या, पण त्या काही बोलत नाहीत. बहुतेक मत्सर. एकीचे टाके इतके बारीक आहेत की आईने बघितले तर खुर्ची सोडून उभी राहील.

कापडाला वजनच नाही. टाका घातला की आपोआप लपतो. आपल्याकडच्या खाकी चड्ड्यांनंतर हे म्हणजे स्वर्ग आहे.

तुझ्या त्या बटणवाल्याचं ऐकून गंमत वाटली. माप घेतलंस म्हणजे प्रकरण पुढे गेलंय! पण टाचणे, एवढ्यावर भागवू नकोस. ज्याला बघून पाय जमिनीवर राहत नाहीत, अशा माणसासाठी थांबावं.

नाच झाला की निघते. आईला सांग, दोनच दिवस.

ताई

*

दहावं वर्ष, २२ ऑगस्ट

ताई,

मी आता चोवीस वर्षांची आहे. हिशेबाने तू मला ताई म्हणायला हवंस.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. ‘दोनच दिवस’ हे तिला कसं वाचून दाखवू? तिला सांगितलं, ताई निघालीय, वाटेत आहे. त्या दिवसापासून ती दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसते. गिऱ्हाइकांना तिला ओलांडून यावं लागतं.

तू शिवतेस, हे मी तीन वेळा वाचलं. ताई, तुला अजून कळत नाही का? त्याला राणी नको होती. त्यांना सुई धरता येत नाही, म्हणून सुई धरणारी नेली. तू आपलं गटारासमोरचं दुकान सोडून गेलीस ती तिकडच्या दुकानात बसायला. फरक एवढाच की इथे निदान आई शिलाई देत होती आणि जेवलीस का विचारत होती. राग येऊ दे तुला. राग आला तर उठशील तरी.

बटणवाल्याने मला विचारलं. त्याच्या गावी त्याला दुकान मिळतंय, म्हणाला, तू मशीन लाव, मी माल आणीन, दोघं मिळून चालवू. पाय जमिनीवर राहत नाहीत असं काही झालं नाही. उलट पहिल्यांदाच नीट जमिनीवर टेकले. मी रात्रभर विचार केला नाही, मला विचार करायची गरजच नव्हती, मला ‘हो’ म्हणायचं होतं.

आणि मी ‘नाही’ म्हणाले. कारण घरातल्याच माणसाने रोज सुई बघायला हवी, आणि आईला आता कोटच नीट दिसत नाही, सुई कुठली दिसायला. ती बोटाने चाचपून बघते. मी गेले आणि एक दिवस तिचं बोट चुकलं, तर तुझी वाट मिटेल. तो म्हणाला, “कोट बरोबर घेऊन चल.” पण तो हलवायचा नाही ना! त्याने टोपी हातात घेऊन बराच वेळ कोटाकडे बघितलं. मग उरलेली बटणं मोजून दिली, नेहमीसारखी दोन जास्त, आणि गेला.

हे मी तुझ्यासाठी केलं. मोठेपणा म्हणून सांगत नाही, वसुलीसाठी सांगतेय. आई खोकते, वरच्या खोलीत आता तिला जिना चढवत नाही. ती मला टाचणी म्हणत नाही, तुझ्या नावाने हाक मारते, आणि मी ओ देते. ये गं. हात जोडून सांगते, ये. नाच-बिच राहू दे.

टाचणी

*

दुसरा दिवस, सकाळ

टाचणे,

असं लिहितात का? मी सकाळी उठले तर उशाशी तुझं पत्र, आणि त्यात नुसते टोमणे. मला कुणी नोकर म्हणून आणलेलं नाही. काल नाचात पहिला फेर त्याने माझ्याबरोबर धरला. दुसरा आणि तिसरा दुसऱ्यांबरोबर धरला, पण तशी तिथली रीत आहे.

मी त्याला म्हटलं, मला घरी जाऊन यायचंय. तो म्हणाला, जा की, मी कुठे अडवलंय? पण पुढचे झगे कोण करणार? आणि मग मी इथे असेनच असं नाही. हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की मी पुन्हा सुई हातात घेतली. आता लगेच निघाले तर त्याला वाटेल मला त्याची किंमत नाही. तू कधी प्रेम केलं नाहीस म्हणून तुला हे कळणार नाही.

बटणवाल्याचं वाईट वाटलं. पण मी तुला थांब म्हटलं नव्हतं.

आईसाठी शाल पाठवतेय. मी स्वतः काठ शिवलाय. अशी ऊब आपल्याकडच्या कुठल्याच कापडात नाही. तिला पांघर आणि सांग, हे काम संपवून येते. खोकल्याला आलं दे.

ताई

*

सतरावं वर्ष, ३० नोव्हेंबर

ताई,

शाल पोचली. भोकातून बाहेर काढली तेव्हा चंदेरी होती, गल्लीच्या टोकापर्यंत हिरवी झाली, घरी येईपर्यंत पाचोळा. काठाची शिवण तेवढी शिल्लक राहिली, कारण दोरा तू इथून नेलेला होता. तुझ्या राजपुत्राने आपल्या तोंडाला पानं पुसली म्हणायची, तर तीही वाळलेली.

पांघरायला आईही नव्हती. ती पाच वर्षांपूर्वी गेली.

दुपारची वेळ होती. मी एका मुलीच्या झग्याला हुक लावत होते. आईने आतून विचारलं, “सुई आहे ना?” मी म्हटलं, “आहे.” परत विचारलं, “आहे ना?” मी वैतागून म्हटलं, “आहे गं आई, कुठे जाते!” मग तिने विचारलं नाही. मी हुक लावून संपवला आणि आत गेले.

तुझा तो पाचोळा मी फेकला नाही, का ते मला माहीत नाही. टिनाच्या डब्यात भरून ठेवलाय.

‘तू कधी प्रेम केलं नाहीस’ म्हणालीस. ठीक आहे. सकाळी उठून कोटाकडे बघायचं काम आता माझ्याकडे आहे, तेलाचं सुद्धा. या कामाला काय म्हणतात ते तूच सांग.

टाचणी

*

दुसरा दिवस, संध्याकाळ

टाचणे,

नाही. हे खरं नाही. कालच तर ती मला ओरडली होती, बाहीला झोळ येतोय, उसव आणि परत लाव म्हणून. मी तोंड फुगवून तिच्याशी न बोलता बाहेर पडले. ते कालचं आहे, टाचणे. माझ्या दंडावर तिने खडूने केलेली खूण अजून आहे. मी पुसली नाही.

आता पुसणार पण नाही.

तो आला होता. त्याला सांगितलं, माझी आई गेली. त्याने विचारलं, “गेली म्हणजे कुठे?” त्यांना हे माहीतच नाही. मी रडायला लागले तर कापडावर डाग पडेल म्हणून त्याने ते बाजूला सरकवलं. कापड सरकवलं, टाचणे.

मी निघते म्हणाले. तेव्हा शेजारची ती बारीक टाक्यांची मुलगी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, जाता येतं, पण भिंतीपलीकडे पाऊल पडलं की तिकडची सगळी वर्षं एकदम अंगावर येतात. जेवढी तिकडे गेली तेवढी सगळी. ती स्वतः का गेली नाही विचारलं तर म्हणाली, माझी फार साठलीत, पोचेपर्यंत धूळसुद्धा उरायची नाही.

तू आता किती वर्षांची आहेस? खरं सांग. आणि कशी दिसतेस? म्हणजे मी कशी दिसेन?

ताई

*

एकतिसावं वर्ष, ११ मे

ताई,

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. तू आलीस तर अठ्ठेचाळीसची असशील.

खरं सांग म्हणालीस, म्हणून आरशासमोर बसून लिहितेय. केस कानांपाशी पांढरे, बाकी मळकट. चष्मा आहे, त्याची एक दांडी मी दोऱ्याने गुंडाळलीय. मान पुढे आलीय, ती आपल्या धंद्याची देणगी. जिना चढताना गुडघे माझ्या आधी बोलतात. दात सरळ झाले होते, आता त्यातले दोन नाहीत. हसले की आईसारखी दिसते असं सायकलवाल्याचा मुलगा म्हणतो. आता त्याचं दुकान तोच चालवतो.

वाईट वाटलं ना? मलाही वाटायचं. नंतर सवय होते. रोज थोडं थोडं मिळालं की पचतं. तुला एकदम मिळेल, ते कठीण जाईल, मी नाही म्हणत नाही.

हल्ली काय झालंय सांगते, हसशील. पोरींमध्ये पलीकडच्या राजपुत्रांच्या कादंबऱ्यांचं खूळ आलंय. जाडजूड पुस्तकं, मुखपृष्ठावर धुकं, आणि एक लांबोडा पाठमोरा उभा. प्रत्येकात तो तीनशे-चारशे वर्षं हिचीच वाट बघत असतो. त्या पोरी पुस्तक घेऊन दुकानात येतात आणि म्हणतात, मावशी, अस्साच झगा हवा, पंखांसकट. मी शिवते. पंखांना तार घालते. परवा एकीने ट्रायलच्या वेळी मला विचारलं, “मावशी, तुम्हाला कधी असा कोणी भेटला असता तर?” मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

तू मला आवडत नाहीस, ताई. एवढ्या वर्षांत मी मनातल्या मनात तुला इतकं बोलले आहे की तू समोर आलीस तर मला नवीन काही सुचणार नाही. पण ये. वरच्या खोलीत दुसरी खाट टाकलीय. खिडकीसमोरचं गटार आता झाकलंय. दुसरं मशीन तेल घालून चालू ठेवलंय, तुझंच. दोघी म्हाताऱ्या होऊ, पण दोघी तरी असू. संध्याकाळी दिवा लावल्यावर मला कुणाशीतरी भांडायचंय गं, आणि घरात भांडायला माणूस नाही.

मी रोज गिरणीच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहीन. तुला चष्मा लागेल म्हणून एक जुना बरोबर ठेवीन.

तुझी टाचणी

*

तिसरा दिवस, दुपार

टाचणे,

तुझं पत्र वाचलं आणि माझ्या हातांकडे बघितलं. एकही सुरकुती नाही.

मी आले नाही. भिंतीपर्यंत गेले होते. पलीकडून उजेड दिसत होता आणि कुणीतरी खोकत होतं. तूच असशील. एक पाऊल टाकायचं होतं. मला जमलं नाही.

मी सतरा वर्षांची आहे. माझं अजून काहीच झालेलं नाही. एक नाच झाला, त्यातला एक फेर. त्याच्या बदल्यात एकतीस वर्षं एकदम अंगावर घ्यायची? तुला निदान एकेक दिवस मिळाला. तू म्हणतेस दोघी म्हाताऱ्या होऊ. तू झालीस, टाचणे. मी झाले नाही, आणि मला व्हायचं नाही. तुझा चष्मा नको, तुझे गुडघे नकोत. वाईट वाटेल, पण तू खरं लिहिलंस म्हणून मीही लिहितेय.

त्याने आज एक नवीन मुलगी आणली. माझ्या शेजारी बसवलीय. तिचेही हात तो एकेक बोट करून बघत होता. तीनशे वर्षं हे मलाही ऐकू आलं. मी खाली बघून टाका घालत राहिले. इथे निदान डोळे शाबूत आहेत, दोरा ओवता येतो.

पण कोट तसाच ठेव हं. कधीतरी वाटलं तर. तेवढी वाट मागे आहे, हे माहीत असलं की बसवतं.

ताई

*

चव्वेचाळिसावं वर्ष, ६ मार्च

ताई,

पत्र मिळालं. तेरा वर्षं मी त्या भिंतीपाशी जात होते. खोकणारी मीच.

तू खोटं लिहिलं नाहीस, हे एक बरं केलंस. शेवटची ओळ मात्र परत परत वाचली. तुला बसवावं म्हणून मी सुई राखायची. आईने दार अडवून ज्या खुर्चीत तुझी वाट बघितली, तिच्यात मी बसायचं, आणि मी गेल्यावर कोण बसेल याचाही विचार मीच करायचा. कारण तुला कधीतरी वाटलं तर.

बटणवाला गेल्या वर्षी वारला. त्याच्या मुलाने डबा आणून दिला, वडिलांनी तुमच्यासाठी बाजूला ठेवला होता म्हणाला. आत मरून बटणं होती, मोठी चार आणि बाहीची दोन. वर आणखी दोन, नेहमीसारखी. त्याने त्या दिवशी टोपी हातात घेऊन कोटाकडे इतका वेळ का बघितलं, ते मला आता कळलं. तो रंग लक्षात ठेवत होता. इतकी वर्षं तो रंग त्याच्या लक्षात राहिला, आणि मी इथे दुसऱ्याच कुणाची वाट बघत बसले.

काल सकाळी मी कोट उचलून मांडीवर घेतला. सुई निघेना, बोटाने मागेपुढे करावी लागली. दोरा जुना होऊन तुटला, म्हणून नवा ओवला. पहिल्याच खेपेला ओवला गेला. आईने सांगितलेला झोळ खरंच होता बाहीत. तो मी आधी उसवला. मग डावी बाही पुरी लावली, अस्तर तुरपलं, काजं केली, बटणं लावली. चांगला बसलाय. शेवटच्या टाक्याला गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. आई कात्री घे म्हणून ओरडली असती.

काही आवाज झाला नाही. भिंत पडली नाही. मी चहा केला.

दुपारी एक मुलगी पंखांचा झगा न्यायला आली होती. तिला कोट घालून बघ म्हटलं. सतरा वर्षांच्या मुलीच्या मापाचा होता, तिला चपखल बसला. ती म्हणाली, मावशी, हा कुणाचा? मी म्हटलं, कुणाचा नाही, घेऊन जा. तिने आरशात स्वतःला पुढून-मागून बघितलं आणि पंख दुकानातच विसरून गेली.

हे पत्र त्या भोकात ठेवून मी परस्पर स्टेशनवर जाणार आहे. दुकान सायकलवाल्याच्या मुलाला दिलंय. बटणवाल्याच्या गावी त्याचं दुकान अजून चालू आहे, आणि त्यांना काजं करणारं माणूस हवंय. वय विचारलं नाही त्यांनी.

तुझ्या सुईचं काय करायचं ते कळेना. माझ्या पदराला टोचून नेतेय.

टाचणी

*

तिसरा दिवस, संध्याकाळ

टाचणे, माझे सोने,

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण मला दम निघत नाही म्हणून मीच लिहितेय. मघाशी मी फार वाईट लिहिलं. ते पत्र फाडून टाक.

ती नवीन मुलगी रडत होती. तिने मला विचारलं, तुझं घरी कोणी आहे का? मी म्हणाले, हो, माझी बहीण आहे, ती माझी वाट बघतेय. म्हणाले आणि माझ्या हातातून ते बिनवजनाचं कापड खाली पडलं. उचललं नाही. तो बघत होता, तरी उचललं नाही.

मी येतेय. चष्मा लागू दे, गुडघे दुखू देत. आपण भांडू. तू वर झोप, मी दाराशी झोपेन, तुला जिना चढायला त्रास होतो ना, मग उलटं करू, तूच खाली झोप. मी आले की आधी ती बाही उसवून परत लावते, आईला झोळ आवडत नाही.

भिंत समोरच आहे. मघाशी पलीकडून उजेड दिसत होता, आता दिसत नाही, दिवे लागायचे असतील. मी ती वीट शोधतेय. तू खोकलीस तरी मला कळेल कुठे ते.

फक्त मी येईपर्यंत सुई काढू नकोस.

तुझी ताई